आधी पानं बघा, मग तुरे

गेल्या अंकात मुख्य फुलांच्या सोबतीला लावायच्या फुलांबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यातल्या गोल्डनरॉडवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. लांब कडक देठ, त्यावर अरुंद पानांची दाटी आणि टोकाला बारीक पिवळ्या फुलांचे तुरे, असं हे फूल. पुष्परचना शिकवायला लागून मला आता सव्वीस वर्षं झाली. वर्गात गुलाबाचा एकेक देठ सगळे दोन बोटांत जपून धरतात. गोल्डनरॉडची जुडी मात्र रबरबँडसकट बादलीत जाते. पत्रांतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

ताई, जुडी आणली तेव्हा टवटवीत होती. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडून खालून काळी झाली, पाण्याला वास यायला लागला. तुरे मात्र तसेच होते. फूलच नाजूक, की माझं काही चुकतं?

फूल नाजूक नाही. गोल्डनरॉडची पानं फुलांच्या आधी थकतात, हे एकदा मनात पक्कं केलंत की पुढचं सगळं सोपं होतं. नीट सांभाळलेला तुरा सात ते दहा दिवस सहज राहतो. पानं तेवढी राहत नाहीत. एका देठावर डझनावारी पानं असतात आणि प्रत्येक पान हवेत पाणी सोडत असतं. देठ कापल्यावर मुळं गेली, पण पानांची मागणी तेवढीच राहिली. त्यात काही पानं पाण्यात बुडालेली असतील तर ती कुजतात, जिवाणू वाढतात, आणि देठातल्या ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढतं त्यांची तोंडं बुळबुळीत थराने बंद होतात. म्हणजे खाली पाणी भरपूर, आणि वर तुरा तहानलेला.

म्हणून जुडी घरी आली की पहिल्यांदा रबरबँड सोडा. एकेक देठ वेगळा करा. डाव्या हातात देठाचा वरचा भाग धरा, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मध्यावर ठेवून हलक्या दाबाने खाली ओढत न्या. ताज्या देठाची पानं एकामागोमाग सुटून येतात, बोटांना हिरवट वास लागतो. ओढताना पानाबरोबर सालीची बारीक पट्टी निघायला लागली तर तिथेच थांबा आणि पुढची पानं कात्रीने काढा. सोललेली जागा पाण्यात गेली की कुजायला तिथूनच सुरुवात होते. पाण्याच्या पातळीखाली एकही पान नको, हा नियम सगळ्याच फुलांना आहे. गोल्डनरॉडला मी त्याहून कडक नियम लावते. तुऱ्याच्या खाली चार बोटं हिरवं ठेवते, बाकीचा देठ मोकळा. तेवढ्या हिरव्याशिवाय तुरा काडीला चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून ते ठेवायचं.

हे मी चुकून शिकले. शिकवायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी एका सभागृहासाठी सहा उंच काचेच्या बरण्यांत रचना केल्या होत्या. काचेतून दिसणारी हिरवी पानं मला इतकी आवडली की मी ती काढलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि आधी वास आला. सहाही बरण्यांतलं पाणी गढूळ झालं होतं, देठ हाताला निसरडे लागत होते. कार्यक्रमाला दीड तास होता. सगळं उपसून, बरण्या घासून, देठ नव्याने कापून आम्ही त्या रचना परत उभ्या केल्या. तेव्हापासून पान काढल्याशिवाय गोल्डनरॉडचा देठ माझ्या हातून पाण्यात गेलेला नाही.

पानं काढून झाली की प्रत्येक देठ खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरका कापा आणि लगेच कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे साधारण 40 अंश सेल्सिअस, हाताला सुखावेल इतकं. बादली साबणाने घासलेली हवी. नुसती विसळलेली बादली म्हणजे स्वच्छ बादली नव्हे. मग दोन-तीन तास, जमलं तर रात्रभर, अंधाऱ्या गार जागी जुडीला पाणी पिऊ द्या. रचना त्यानंतर करायची. हा आराम न देता थेट फुलदाणीत लावलेली जुडी आणि रात्रभर पाणी प्यायलेली जुडी चौथ्या दिवशी शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

पाण्यात घालायची फुलांच्या खाद्याची पुडी मिळाली तर जरूर वापरा, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच. तिच्यात साखर, आम्ल आणि जिवाणूनाशक अशा तिन्ही गोष्टी एकमेकींना जुळवून घातलेल्या असतात. घरी लिंबू, साखर आणि ब्लीच एकत्र करण्याची कृती अनेकांनी लिहून पाठवली आहे. मी ती कुणाला सांगत नाही. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि मापात चूक करणारे हात घरोघरी असतात. नुसती साखर घातलीत तर ती फुलांआधी जिवाणूच खातात. पुडी नसेल तर रोज पाणी बदला आणि एक दिवसाआड देठाचं टोक कापा. कष्टाचं आहे, पण खात्रीचं आहे.

आणखी एक: फुलदाणीशेजारी पिकलेल्या फळांची टोपली ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो, आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात. थंड कपाटात जुडी ठेवायची असेल तर 2 ते 5 अंश तापमान चांगलं, पण तिथेही फळं नकोत.

या पानांचं मोल मात्र एका माणसाने वेगळ्याच कारणाने ओळखलं होतं. थॉमस एडिसन आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत अमेरिकेत पिकवता येईल असं रबर शोधत होता. 1927 मध्ये त्याने त्यासाठी संस्था काढली, हजारो वनस्पती तपासल्या आणि शेवटी गोल्डनरॉडवर येऊन थांबला. ते रबर मुख्यतः पानांत असतं. पानं ओरबाडून टोपलीत टाकताना मला दर वेळी हे आठवतं.

देठ कडक असतो म्हणून खालचं टोक हातोडीने ठेचावं असं मला शिकवलं होतं. बरोबर आहे का?

नाही. ठेचल्याने नळ्या उघडत नाहीत, चुरगळतात, आणि तुटलेल्या तंतूंवर जिवाणू चढतात. धारदार सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) किंवा चाकूने एक स्वच्छ तिरका काप पुरे. बोथट कात्री देठ कापत नाही, चेपते. तेव्हा आधी कात्रीला धार लावा.

कळ्यांची जुडी घ्यावी की पूर्ण उमललेली? आणि काही जुड्यांतली फुलं मोठी नि फिकट दिसतात, ती वेगळी जात का?

तुऱ्यातली एक तृतीयांश ते निम्मी फुलं उमललेली असावीत. सगळं हिरवट-पिवळं घट्ट असेल तर ते पाण्यात पुरतं उमलेलच असं नाही. सगळं उमललेलं असेल तर ते तुमच्या घरी पोचेपर्यंत तपकिरीकडे झुकेल. तुरा हलकेच झटका. खाली बारीक पिसं पडली तर ती जुडी परत ठेवा. पण त्याही आधी पानं बघा. तुरा फसवू शकतो, पान फसवत नाही. खालची पानं पिवळसर, मऊ, काळ्या ठिपक्यांची असतील तर ती जुडी बरेच दिवस पाण्यात उभी आहे, वरून ती कितीही सोनेरी दिसो.

घरी भिंग असेल तर एक काम करा. तुऱ्यातला एक दाणा खुडून तळहातावर ठेवा आणि भिंगाखाली धरा. आपण ज्याला एक बारीक फूल म्हणतो ते अख्खं फुलांचं झुबकं निघतं: मध्ये नळीसारखी इवली फुलं, कडेला एकेका पाकळीची फुलं, खाली हिरवी वाटी. सूर्यफुलाची हीच रचना, फक्त काही मिलिमीटरमध्ये बसवलेली. सूर्यफूल, शेवंती, अ‍ॅस्टर आणि गोल्डनरॉड एकाच कुळातले आहेत. सोलिडॅगो हे तिचं शास्त्रीय नाव, आणि तिच्या शंभराच्या आसपास जाती बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या आहेत.

मोठ्या, फिकट फुलांची जुडी बहुधा सोलिडॅस्टर असेल. गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टरसारखी दिसणारी तिचीच एक पांढरी नातलग यांचा हा संकर, 1910 मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या रोपवाटिकेत सापडलेला. निगा तीच.

गुलाब आणि जर्बेराच्या रचनेत गोल्डनरॉड घातलं की सगळं झुडपासारखं दिसतं. किती देठ घालावेत?

किती यापेक्षा केव्हा, हे आधी विचारायला हवं. बहुतेक जण गुलाब लावून घेतात आणि मग राहिलेल्या फटी गोल्डनरॉडने बुजवतात. असं केलं की तुरे गुलाबांच्याच उंचीवर येतात, सगळ्या फुलांच्या कडा खाऊन टाकतात, आणि रचनेला बाह्यरेषा उरत नाही. मी उलटं करते. गोल्डनरॉड पहिलं लावते, आणि तीनच देठ.

पहिला देठ फुलदाणीच्या दीडपट उंच. दुसरा त्याच्या दोन तृतीयांश, थोडा डावीकडे कललेला. तिसरा आखूड, उजवीकडून पुढे येणारा. लावण्याआधी प्रत्येक देठ दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. कुठल्या तरी एका बाजूने तुरा बाक घेतो. अनेक जातींत बारीक फुलं फांदीच्या वरच्याच अंगाला ओळीने बसलेली असतात, त्यामुळे त्या तुऱ्याला पाठ आणि तोंड दोन्ही असतात. तोंड तुमच्याकडे, बाक बाहेरच्या अंगाला. हे तीन देठ उभे राहिले की हवेत एक रिकामा आकार तयार होतो. आता त्याच्या आत गुलाब लावा. कुठला गुलाब किती उंच, हे मग तुम्हाला ठरवावं लागत नाही, ते तुरेच ठरवतात.

जुडीतले उरलेले देठ वाया जात नाहीत. एक तुरा घ्या आणि त्याच्या बाजूच्या लहान फांद्या मुळाशी कापून सुट्या करा. आठ-दहा सेंटिमीटरच्या सहा-सात फांद्या निघतील. या फुलदाणीच्या काठाशी, अगदी खाली, गुलाबांच्या माना झाकतील अशा लावा. उंच तुरा रेघ देतो, बुटकी फांदी सावली देते. एकाच देठातून ही दोन्ही कामं होतात, म्हणून मला हे फूल इतकं जवळचं आहे. त्याला नुसतं भरण म्हणणं मला पटत नाही.

रंगाचं विचाराल तर जांभळा. अमेरिकेच्या पूर्व भागात शरद ऋतूत माळरानावर गोल्डनरॉड आणि जांभळे अ‍ॅस्टर एकाच वेळी शेजारी शेजारी फुलतात, आणि त्या जोडीत सुधारणा करावी असं मला आजवर वाटलेलं नाही. निळ्या डेल्फिनियमबरोबरही छान. पांढऱ्यात ते स्वच्छ, हलकं दिसतं. थंड गुलाबी रंगाशी मात्र मी ते लावत नाही. दोघंही मळकट दिसायला लागतात. जर्बेरा गुलाबी असतील तर गोल्डनरॉड बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दाणीत एकटं लावा. एकाच फुलाची, अकरा देठांची, साध्या मातकट भांड्यातली रचना करून बघा एकदा.

आधारासाठी पिनहोल्डर, म्हणजे भांड्याच्या तळाशी ठेवायची खिळ्यांची बैठक, असेल तर देठ आधी सरळ खाली रोवा, मग हव्या त्या बाजूला कलता करा. फोम, म्हणजे देठ खुपसायचा पाणी शोषणारा ठोकळा, वापरत असाल तर तो पाण्यावर सोडून द्या, आपोआप बुडू द्या. हाताने दाबलात तर आत कोरडी पोकळी राहते. एकदा खुपसलेला देठ थोडासा वर ओढू नका, त्याच्या टोकाखाली हवा राहते आणि तो देठ उपाशी मरतो. मी स्वतः आता फोम सोडला आहे. तो प्लास्टिकचा असतो, त्याचा चुरा धुताना पाण्याबरोबर वाहून जातो आणि कुजत नाही. तारेच्या जाळीचा सैल गोळा भांड्यात बसवला की काम होतं, आणि जाळी धुऊन वर्षानुवर्षं वापरता येते.

सासूबाईंना शिंकांचा त्रास आहे. गोल्डनरॉडच्या परागाने ॲलर्जी होते असं ऐकलं. घरात ठेवू का?

या फुलावर हा आळ फार जुना आहे आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. गोल्डनरॉडचे परागकण जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात. वाऱ्यावर ते फारसे उडत नाहीत. उत्तर अमेरिकेत त्याच दिवसांत रॅगवीड नावाचं तण फुलतं. त्याची फुलं हिरवी, लक्षातही न येणारी, आणि पराग मात्र वाऱ्याबरोबर मैलोन्‌मैल जाणारा. शिंका रॅगवीडमुळे येतात, नजरेत भरतं ते पिवळं गोल्डनरॉड, आणि दोष त्याच्या पदरात पडतो.

तरी दोन गोष्टी सांगते. ज्यांना शेवंती किंवा सूर्यफुलाच्या कुळाचीच ॲलर्जी आहे त्यांना गोल्डनरॉडचाही त्रास होऊ शकतो, पानं हाताळून त्वचेला खाजही येऊ शकते. सासूबाईंना शेवंतीजवळ त्रास होत असेल तर हे फूल त्यांच्या खोलीत नको, आणि डॉक्टरांना विचारून घ्या. दुसरं, जुना झालेला तुरा पिसं सोडायला लागला की ती नाकाला टोचतातच. त्याआधी तो काढून टाका.

सुकवायला उलटं टांगलं होतं. दोन आठवड्यांनी सगळ्याची राखाडी पिसं झाली. काय चुकलं?

उशिरा सुकवलंत. उमलून झालेलं फूल बी धरतं, आणि बीला उडायला पिसं लागतात. टांगल्यावरही हे काम थांबत नाही, देठात उरलेल्या ओलाव्यावर ते पुढे चालू राहतं. म्हणून सुकवायचा तुरा निम्मा उमललेला असतानाच घ्या. फुलदाणीत आठवडाभर मिरवलेला तुरा सुकवायच्या कामाचा नाही.

पाच-सात देठांची लहान जुडी करा आणि रबरबँडनेच बांधा. देठ सुकताना बारीक होतो, दोऱ्याची गाठ सैल पडते, रबर त्याच्याबरोबर आवळत जातं. जागा कोरडी, हवेशीर आणि अंधारी हवी. उजेडात पिवळा रंग विटतो. दोन ते तीन आठवड्यांनी देठ वाकवून बघा, कट्‌कन मोडला तर झालं. उलटं टांगलेल्या तुऱ्याचा बाक जातो, तो सरळ होतो. मला बाक हवा असतो, म्हणून मी निम्मे देठ रिकाम्या बरणीत उभेच सुकवते.

मुलीकडे कॅनडात आले आहे. रस्त्याच्या कडेला रानटी गोल्डनरॉड भरपूर. एका देठावर गोटीएवढी गोल गाठ आहे. रोग असेल का? असे देठ घरात आणू का?

ती गाठ एका माशीचं घर आहे. माशी देठात अंडं घालते, अळी आतून खाते आणि झाड तिच्याभोवती गाठ वाढवतं. ती अळी कडाक्याचा हिवाळा त्या गाठीतच, गोठूनही, काढते आणि वसंतात माशी होऊन बाहेर पडते. तुमच्या फुलदाणीला धोका नाही, पण तो देठ जिथे आहे तिथेच राहू द्या. ऊबदार घरात ती माशी अवेळी बाहेर येईल.

बाकीचे देठ सकाळी लवकर कापा, जागा कुणाच्या मालकीची आहे ते आधी विचारून घ्या, आणि काही तुरे सोडून या. शरदात मधमाश्यांना तेवढाच आधार असतो. कापलेले देठ घरात आणण्याआधी पाण्याच्या बादलीत घालून तासभर बाहेर सावलीत ठेवा. तुऱ्यात भुंगेरे, कोळी, माश्या असतात, त्यांना उतरून जायला वेळ द्या. आणि हे रोप दुसऱ्या देशात लावायचा मोह झाला तर आवरा. युरोपात आणि चीनमध्ये कॅनडाचं गोल्डनरॉड इतकं पसरलं आहे, की तिथे ते स्थानिक झाडांना जागा उरू देत नाही.

फुलदाणीतून काढून टाकताना जीव तुटतो. अशा तुऱ्यांचं काही करता येतं का?

रंग करता येतो. पिसं धरायच्या आत तुरे देठावरून काढून घ्या. लोकर किंवा रेशीम असेल तर उत्तम. सुती कापड फिकट रंगतं. समजा लोकर 100 ग्रॅम आहे: ती धुऊन, 15 ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या गरम पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवा आणि तशीच गार होऊ द्या. दुसऱ्या भांड्यात लोकरीच्या दुप्पट वजनाचे ताजे तुरे पाण्यात तासभर मंद उकळा. खळखळून उकळू नका, पिवळा रंग तपकिरी होतो. गाळून त्या पाण्यात ओली लोकर सोडा, पुन्हा तासभर मंद आच. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका.

माझ्याकडे लोकरीच्या अशा दोन लडी आहेत, एकाच जुडीतल्या. पहिली तुरटीवर रंगवलेली, झगझगीत पिवळी. दुसरी रंगाच्या पाण्यातून काढायच्या आधी मी त्यात गंजका खिळा टाकला होता. लोखंडाने ती लड रानातल्या शेवाळासारखी हिरवी झाली. वर्गात मी दोन्ही टेबलावर ठेवते आणि त्यांच्या मधोमध ताज्या गोल्डनरॉडचा एक देठ, पानं काढलेला.